थंडीतली सावली मोजून बघा

डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर जा. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी ताठ उभी धरा आणि तिची सावली मोजा. मी मोजली तेव्हा ती २७ सेंटिमीटर भरली. अंगात स्वेटर होता, वाऱ्याने कान गार पडले होते आणि सावली मात्र पट्टीपेक्षा आखूड होती.

या आखूड सावलीला अर्थ आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा कमी पडते तेव्हा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर असतो आणि त्या वेळचे ऊन त्वचेला इजा करण्याइतके तीव्र असते. एरवी मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी आपण कौतुकाने बाटल्या आणि डबे उन्हात मांडून बघतो, पण डिसेंबरातली सावली कोणी बघत नाही. ऐन हिवाळ्यातही दुपारी पुण्या-मुंबईत सूर्य ४८ अंशांच्या आसपास चढतो, नागपुरात ४५ च्या किंचित वर. लंडनमधल्या मराठी घराच्या अंगणात त्याच दिवशी भर दुपारी हीच पट्टी उभी केली, तर सावली मीटरभराहून लांब पडेल. तिथे डिसेंबरात सनस्क्रीन लावले नाही तरी बिघडत नाही. आपल्याकडे बिघडते. हिवाळ्यात सनस्क्रीन कशाला, या प्रश्नाचे उत्तर थंडी किती आहे यावर ठरत नाही, सूर्य किती वर आहे यावर ठरते.

गोंधळ होतो तो आपल्या कातडीमुळेच. उन्हाची ऊब तिला कळते, कारण ती दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरणांची असते. त्वचेला इजा करणारे अतिनील (यूव्ही) किरण लागत असताना मात्र काहीच जाणवत नाही. उत्तरेकडून आलेल्या कोरड्या वाऱ्याने हवा गार होते, पण गार हवा अतिनील किरणांना अडवत नाही. उन्हाळ्यात चटका बसला की आपण आपसूक सावलीत पळतो. थंडीत ती सूचनाच मिळत नाही, उलट आपण मुद्दाम ऊन खात बसतो. शाळांच्या क्रीडास्पर्धा, शेतावरची हुरडा पार्टी, संक्रांतीचे पतंग, गडावरच्या सहली हे सगळे याच दिवसांत आणि तेही नेमके अकरा ते तीनच्या वेळात. मला काळजी वाटते ती याचीच. मे महिन्यात याच वेळी याच मंडळींना कोणी मैदानावर उभे राहू दिले नसते.

अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी त्वचा भाजते, लाल करते. सूर्य कलला की या किरणांना हवेच्या आणि ओझोनच्या जास्त जाड थरातून यावे लागते, म्हणून हिवाळ्यात ते बरेच कमी होतात. यूव्हीए ऋतूप्रमाणे त्या मानाने कमी बदलतात, त्वचेत खोलवर जातात, सुरकुत्या आणि काळपट डाग आणतात, आणि साध्या काचेतून आरपार येतात. वैद्यकशास्त्रातल्या एका नामांकित नियतकालिकाने २०१२ साली अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे खिडकीच्या बाजूने ऊन येत राहिल्यामुळे त्याचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरला होता, उजवा त्या मानाने बराच नितळ. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा जपायचा तो उजवा गाल.

आता ट्यूबवर काय बघायचे ते. एसपीएफचा (सन प्रोटेक्शन फॅक्टर, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा) आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८. म्हणजे ३० नीट लावले तर पुरते. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द आणि ‘पीए’पुढची अधिकची (+) चिन्हे बघा, किमान तीन असावीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असल्याने ती लवकर भाजत नाही. पण वांग आणि डाग हा आपला खरा त्रास आहे, आणि तो यूव्हीएबरोबर साध्या दृश्य प्रकाशानेही वाढतो. ज्यांना वांग आहे त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्यावे. साधे सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही.

थंडीत बदलायला हवा तो आकडा नाही, पोत. उन्हाळ्यातले अल्कोहोलयुक्त जेल चिकचिकत नाही म्हणून बरे वाटते, पण डिसेंबरात गाल आधीच तडतडत असतात, त्यात ते आणखी कोरडे करते. या दिवसांत ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले क्रीम किंवा लोशन घ्या. आधी मॉइश्चरायझर लावा, ते जिरू द्या, मग सनस्क्रीन. दोन्ही तळहातावर एकत्र कालवून लावण्याची सवय सोडा, त्याने सनस्क्रीन पातळ होते. खोबरेल तेल लावले की झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी तेल कोरडेपणासाठी जरूर वापरावे, पण उन्हापासून वाचायला त्यावर विसंबू नये.

सगळ्यांत मोठी चूक होते ती मापात. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून करतात. चेहरा आणि गळा मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळी १.२ ग्रॅम लागते. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढली की जवळपास तेवढे होते. दिवसातून दोनदा लावणाऱ्याची ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. तुमची ट्यूब दिवाळीपासून होळीपर्यंत पुरत असेल, तर वेष्टनावरचे संरक्षण तुम्हाला मिळालेलेच नाही. महाग ट्यूब काटकसरीने लावण्यापेक्षा स्वस्त, पण खरोखर भरपूर लावता येईल अशी घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हात निघण्याआधी १५–२० मिनिटे लावा आणि बाहेरच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. थंडीत घाम येत नाही म्हणून ते टिकते असे वाटते, पण मफलर आणि रुमाल ते पुसून नेतात. सर्दी झाली असेल तर नाकावरचे तासाभरात गेलेले असते. कानाच्या पाळ्या आणि ओठ विसरले जातात. ओठांसाठी एसपीएफ असलेला लिप बाम मिळतो. स्कूटरवरून जाणाऱ्यांचा चेहरा स्कार्फमध्ये सुरक्षित असतो, हाताची मागची बाजू आणि पावले उघडी. जानेवारीत पायांवर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी उमटलेली दिसली, की ऊन कुठे पडत होते ते कळते.

‘ड’ जीवनसत्त्वाचे काय, हे विचारले जाते. सनस्क्रीनच्या रोजच्या वापराने ते फारसे घटते असे अभ्यासांत दिसलेले नाही. आणि सकाळच्या कोवळ्या, लांब सावलीच्या उन्हात ऊब असते, पण हे जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी फार थोडे. कमतरता निघाली असेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्यावी, गालावर वांग घेऊ नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीन नको, त्याला टोपडे, झबले आणि सावलीच बरी.

सावलीची ही कसोटी एका ठिकाणी फसते, ते म्हणजे बर्फात. हिवाळ्यात गुलमर्ग-मनालीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. १९३८ साली फ्रान्झ ग्रायटर हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी आल्प्समधल्या पिझ ब्युईन शिखरावर चढताना असाच भाजला. त्यातून १९४६ साली त्याने हिमनदीच्या नावाचे क्रीम बाजारात आणले, आणि पुढे एसपीएफ हा शब्द रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा होता. बर्फावर ऊन खालूनही येते. टोपीच्या छायेतला चेहराही भाजतो, म्हणून तिथे हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना आणि कानांच्या मागे सनस्क्रीन लावा, आणि डोळ्यांवर गडद गॉगल असू द्या.