खांब कडेला गेले तेव्हा

पुण्यात खराडीला माझ्या भाचीचं ऑफिस बाराव्या मजल्यावर आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी तिला भेटायला गेलो. नगर रोडवर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन, आणि काचेच्या त्या इमारतीत तिच्या टेबलावर मात्र दिव्याचा उजेड. खिडकी कुठे आहे विचारलं, तर तिने लांब हात करून दिशा दाखवली.

चारी बाजूंनी काच असूनही आत अंधार का, हे कळायला दोन जुन्या इमारती शेजारी ठेवून पाहाव्यात. एक न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग, १९३१ सालची. दुसरा शिकागोचा सिअर्स टॉवर, १९७३ मध्ये पूर्ण उंचीला पोचलेला. आज त्याला विलिस टॉवर म्हणतात. दोन्ही कचेऱ्यांसाठी बांधलेल्या, दोन्ही आपापल्या काळात जगात सर्वांत उंच. पहिलीचं छत ३८१ मीटरवर, दुसरीचं ४४२ मीटरवर.

आता पोलादाचा हिशेब आपल्या ओळखीच्या मापात करू. दहा बाय दहाच्या एका खोलीएवढ्या जागेमागे एम्पायर स्टेटला साधारण १,९०० किलो पोलाद लागलं. सिअर्स टॉवरला सुमारे १,५००. उंची ६१ मीटरने वाढली आणि तरी खोलीमागे पोलाद कमी झालं. मला हा आकडा विलक्षण वाटतो, कारण व्हायला हवं होतं उलट.

इमारतीचं वजन मजल्यागणिक वाढत जातं. पण वाऱ्याचा तिला उलथवू पाहणारा जोर उंची दुप्पट झाली की चौपट होतो. वरचा वारा जास्त वेगाचा असल्यामुळे खरं तर चौपटीहूनही अधिक. म्हणून एका उंचीनंतर इंजिनिअरला मुख्य चिंता वाऱ्याची असते.

एम्पायर स्टेटने वाऱ्याला तोंड दिलं ते भरपूर पोलादाने. पायथ्यापासून वरपर्यंत, सगळ्या मजल्यांवर पसरलेले खांब, त्यांना जोडणाऱ्या तुळया, आणि सांधे रिव्हेटचे. लालबुंद रिव्हेट भोकात बसवून ठोकायचा. तो थंड होताना आकसतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. चार-चार कामगारांच्या टोळ्या हे काम करत. बाहेरून वीट आणि चुनखडीचा दगड. इमारत ४१० दिवसांत उभी राहिली, आणि १९४५ मध्ये धुक्यात तिच्यावर बॉम्बफेकी विमान आदळलं तेव्हाही सांगाडा ठाम राहिला.

सिअर्स टॉवरचा सांगाडा फजलूर रहमान खान यांचा. जन्म ढाक्याचा, कलकत्त्याजवळ शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही शिकलेले. त्यांची युक्ती पुण्याच्या पीएमपी बसमध्ये उभं राहणाऱ्याला लगेच कळेल. बस वळताना आपण पाय फाकवून उभे राहतो. खांबांचंही तसंच: मध्यापासून दुप्पट लांब उभा केलेला खांब इमारतीला वाकू न देण्याच्या कामात चौपट उपयोगी पडतो. मग खांब आत विखरून कशाला ठेवायचे? ते कडेला, जवळजवळ उभे करायचे आणि तुळयांनी घट्ट बांधायचे. अख्खी इमारत एक पोकळ नळी होते.

यात एक अडचण होती. नळी फार रुंद झाली की कोपऱ्यांतल्या खांबांवर सगळा ताण येतो आणि भिंतीच्या मधले खांब आळशी राहतात, कारण तिथवर ताण पोचवणाऱ्या तुळया स्वतःच वाकतात. सरबताच्या बाटल्यांचा खोका आठवा. रिकामा खोका दाबला की चेपतो. आत पुठ्ठ्याचे आडवे-उभे कप्पे घातले की तोच खोका ताठ राहतो. खान यांनी हेच केलं. २३ मीटर बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून त्यांची मोळी बांधली. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या. उरलेल्या दोनच शेवटपर्यंत जातात. याने वाऱ्याचीही लय मोडते. इमारतीच्या दोन्ही अंगांनी आळीपाळीने भोवरे सुटत असतात. ते एका ठेक्यात सुटले तर झोपाळ्याला झोके द्यावेत तशी इमारत हलू लागते. उंचीगणिक आकार बदलला की ठेका जमत नाही.

टप्पे एम्पायर स्टेटलाही आहेत, पण ते उजेडासाठी. रस्त्यावर ऊन पोचावं म्हणून न्यूयॉर्कने १९१६ मध्ये कायदा केला होता. त्यामुळे इमारत वर जाताना मागे सरत जाते. आतही उजेडाचाच विचार होता. वरच्या मनोऱ्यात खिडकीपासून कचेरीच्या आतल्या टोकापर्यंतचं अंतर सुमारे साडेआठ मीटर. खिडक्या उघडायच्या. आपल्या वाड्याचा चौक हेच काम करायचा, कुठलीही ओसरी आभाळापासून फार लांब नसायची.

सिअर्स कंपनीला मात्र खालचे मजले ऐसपैस हवे होते. नऊ नळ्यांचा तो मजला ६९ मीटर बाय ६९ मीटरचा आहे. मधोमध बसलेला माणूस कुठल्याही खिडकीपासून किमान ३४ मीटर लांब. वाड्याचं माजघर जसं दिवसाही दिव्यावर चालायचं, तसं हे कित्येक पटींनी मोठं माजघर, वीज आणि एसीवर चालणारं. इमारतीने पूर्ण उंची गाठली मे १९७३ मध्ये. ऑक्टोबरात तेलसंकट आलं आणि ऊर्जा महागली.

खान यांच्या रचनेला मी मनापासून मान देतो. पोलाद वाचवणारी ती बुद्धी आजही उंच इमारतींचा पाया आहे. पण रुंद मजला आणि बंद काच यांचा तिच्याशी अटळ संबंध नव्हता, आणि आपण पुण्यात नेमकं तेच उचललं. शिकागोत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. पुण्यात तो मेच्या मध्याला भर माध्यान्ही थेट डोक्यावर असतो आणि नंतर पश्चिमेकडे उतरत उभ्या काचेवर तासन्‌तास पडतो. तिथे छज्जा नाही. मग पडदे ओढले जातात, दिवे लागतात, एसी वाढतो.

एम्पायर स्टेटने २०१० च्या सुमारास आपल्या ६,५१४ खिडक्या दुरुस्त केल्या. दुहेरी काचा काढून इमारतीतच उघडल्या, मध्ये उष्णता अडवणारा पातळ पडदा आणि वायू भरला, आणि त्याच काचा परत बसवल्या. भाचीला हे सांगितलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. पश्चिमेच्या भिंतीचे सगळे पडदे तोवर खाली आले होते.