मोझार्टचे बालवयातील धार्मिक समूहगान

वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट (१७५६–९१) याने नवव्या वर्षापासून कॅथलिक मिस्सा (मुख्य उपासनाविधी), स्तोत्रे व अँटिफनी (स्तोत्रांच्या आधी-नंतर गायची छोटी गीते) यांसाठी केलेल्या रचना. ‘गॉड इज अवर रेफ्यूज’ (के. २०, म्हणजे कोखेलच्या मोझार्ट-सूचीतला क्रमांक; लंडन, १७६५) ही चार आवाजांची छोटी रचना त्यांतली पहिली, ती ब्रिटिश म्युझियमला भेट दिली गेली. तिच्या हस्तलिखितात वडील लेओपोल्ट यांचेही अक्षर आहे. या काळातल्या अनेक वह्यांबाबत मुलाचे किती आणि बापाचे किती, हे ठरवणे अवघडच.

अपवाद इटलीतील बोलोन्याच्या परीक्षेचा; तेथे तो एकटाच लिहीत होता. ९ ऑक्टोबर १७७० रोजी तेथील फिलहार्मोनिक अकादमीने चौदा वर्षांच्या मोझार्टला खोलीत बंद करून एक ग्रेगोरियन चाल (चर्चमधली जुनी एकसुरी गाण्याची धून) दिली. ती बासमध्ये (सर्वांत खालच्या आवाजात) जशीच्या तशी ठेवून वर तीन आवाज बांधायचे होते. नियम कडक: दोन आवाजांनी समांतर पंचमांत किंवा अष्टकांत (एकमेकांपासून पाच किंवा आठ स्वरांचे अंतर कायम ठेवून) सरकायचे नाही, विसंवादी स्वर आधी धरून ठेवायचा आणि मग एक पायरी खाली सोडवायचा. तासाभरात ‘क्वेरिते प्रीमुम’ (के. ८६) तयार झाले, पण जुन्या शैलीच्या कसोटीवर ते डळमळीत होते. बोलोन्यातील संगीतगुरू पाद्रे मार्तिनी यांनी दुरुस्त केलेली प्रतही टिकली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की मुलाचा कान नव्या संगीतात वाढलेला होता, हे लगेच कळते.

ऑर्केस्ट्रा हाताशी असला की तोच मुलगा मोकळा होतो. व्हिएन्नातील अनाथालयाच्या चर्चचे उद्घाटन ७ डिसेंबर १७६८ रोजी झाले. तेव्हाची मिस्सा म्हणजे के. १३९, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तिचा आरंभ गंभीर सी मायनरमध्ये होतो आणि लगेच झळझळीत सी मेजर येतो. ‘आन्युस देई’ हा मिस्साचा शेवटचा भाग ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांनी सुरू होते. ‘ते देउम’ (के. १४१) हे स्तुतिस्तोत्र मात्र साल्झबुर्गचा संगीतकार मिखाएल हायडनच्या त्याच नावाच्या रचनेवर जवळजवळ ओळीओळीने बेतलेले आहे. त्या काळी शिकण्याची रीतच ती होती.

गाताना दोन अडचणी येतात. छोट्या मिस्सांत ‘ग्लोरिया’ (स्तुतिगीत) व ‘क्रेदो’ (श्रद्धेची कबुली) यांची लांबलचक संहिता थोडक्या वेळात उरकायची असते, त्यामुळे शब्द धावतात, व्यंजने सैल पडली की सगळा लगदा होतो. शिवाय साल्झबुर्गमध्ये आल्टो, टेनर व बास या उतरत्या क्रमाच्या खालच्या तीन आवाजांना तीन ट्रॉम्बोन साथ देत आणि सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाज, मुलगे गात. ट्रॉम्बोन वगळून वर मोठ्या, कंप असलेल्या सोप्रानो घातल्या, तर फ्यूगमधला (आवाज एकामागून एक तीच चाल उचलतात त्या रचनेतला) आल्टोचा प्रवेश ऐकूच येत नाही.