वरचा आकडा, खालचा आकडा: रक्तदाबामागची पार्श्वभूमी

दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, हवा हळूहळू सोडायची आणि दोन आकडे कागदावर लिहायचे. वरचा १४०, खालचा ९०. दवाखान्यात इतकं साधं काम दुसरं नसेल. हे दोन्ही आकडे काढायची रीत १९०५ पासून तयार आहे. मात्र वाढलेल्या आकड्याला आजार म्हणून औषध द्यायचं की नाही, हे ठरायला त्यानंतर साठ वर्षं गेली. आजही घरोघरी कुणी ना कुणी म्हणतंच, "मला काही त्रास होत नाही, मग गोळी कशाला?" हे ऐकून डॉक्टर वैतागतात. पण १९३० च्या दशकातल्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञांचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं.

आधी हे आकडे कसले, ते पाहू. हृदयाचा खालचा डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा साधारण ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीत, ढकलतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर हे जवळपास पाच लिटर होतं, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त मिनिटाभरात एकदा फिरून येतं. या ढकलण्याच्या क्षणी रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. मग कप्पा सैल पडतो, झडप मिटते. तरीही दाब शून्यावर जात नाही, कारण ताणली गेलेली महारोहिणी परत आखडते आणि रक्त पुढे सारत राहते. दोन ठोक्यांच्या मधला हा उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा. दाब किती राहील याचा मोठा हिशेब मात्र हृदयापासून लांब, अगदी बारीक रोहिण्यांमध्ये ठरतो. त्या आवळल्या की पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट धरावं तसं होतं.

रक्त असं गोल फिरतं हेच मुळी माणसाला फार उशिरा कळलं. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याची शिकवण अशी होती की अन्नापासून यकृतात रक्त बनतं आणि अवयवांत जाऊन संपतं, शेतात सोडलेलं पाणी जिरावं तसं. उजवीकडचं रक्त फुफ्फुसांतून डावीकडे येतं हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहून ठेवलं होतं. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ मध्ये गॅलेनची शिकवण मोडली ती मुख्यतः एका त्रैराशिकाने. ठोक्याला थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त रक्त हृदयातून जातं. एवढं रक्त रोज नव्याने बनणार कुठून? म्हणजे तेच रक्त परत येत असणार. रोहिणीतून नीलेत, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या वाहिनीत, ते कसं जातं हे हार्वेला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिघी या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली या दोहोंना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या.

दाब पहिल्यांदा मोजला तो डॉक्टरने नव्हे, एका पाद्र्याने. लंडनजवळच्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स हे झाडांच्या मुळांतून रस किती जोराने वर चढतो याचेही प्रयोग करायचे. त्यांनी एका घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच वर चढलं आणि प्रत्येक ठोक्यागणिक दोन-चार इंच खालीवर हलत राहिलं. हा वृत्तांत १७३३ मध्ये छापला गेला. घोडीच्या वाट्याला काय आलं ते वाचवत नाही, पण तो हलणारा रक्ताचा स्तंभ लक्षात ठेवा. शेवटी त्याचं काम आहे.

नऊ फुटांची नळी घेऊन कोण फिरणार? १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझय याने रक्ताऐवजी पारा वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे स्तंभ एकदम आखूड झाला. आपला '१२०' म्हणजे १२० मिलिमीटर पारा. हेच पाण्यात मोजलं तर स्तंभ सव्वापाच फुटांच्या वर जाईल. पण तरीही रोहिणी कापावी लागतच होती, आणि त्यासाठी जिवंत माणूस कोण देणार! १८९६ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रिवा-रोची याने सायकलच्या ट्यूबचा पट्टा करून तो दंडाला गुंडाळला, फुगवला आणि मनगटाची नाडी कुठल्या दाबाला बंद पडते ते पाऱ्यावर वाचलं. माणसाला इजा न करता वरचा आकडा मिळाला. अमेरिकन मेंदू-शल्यविशारद हार्वी कुशिंगने १९०१ मध्ये इटलीत हे उपकरण पाहिलं आणि ते बाल्टिमोरला नेलं. तिकडे जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. नाडीवर बोट ठेवून ज्याला कळत नाही तो कसला डॉक्टर, असा एकूण सूर होता.

खालचा आकडा दिला तो निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन लष्करी सर्जनने. जखमी सैनिकांच्या फाटलेल्या रोहिण्यांवर काम करताना त्याला रोहिणीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची सवय लागली होती. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने अगदी छोटंसं निवेदन वाचलं, छापील पानभरही नसेल. पट्टा पूर्ण आवळला की कोपराच्या खोबणीत काही ऐकू येत नाही. हवा सोडत गेलं की टक्-टक् सुरू होतं, तो वरचा दाब. आणखी सोडली की आवाज विरतो, तो खालचा. मधल्या टप्प्यात आवाज येतो, कारण अर्धवट दाबलेल्या रोहिणीतून रक्त खळाळत जातं. रोहिणी पूर्ण मोकळी झाली की ते गुपचूप वाहतं. पुढची शंभर वर्षं जगभरचे डॉक्टर हेच ऐकत आले.

आकडा मिळाला, पण त्याचं करायचं काय? इथे एक गंमत आहे. डॉक्टरांच्या आधी हा आकडा पटला तो विमा कंपन्यांना. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल कंपनीने १९०७ पासून विमा घेणाऱ्यांचा रक्तदाब तपासायला सुरुवात केली. त्यांना इलाजाशी देणंघेणं नव्हतं. कोण लवकर जातो एवढंच बघायचं होतं, आणि त्यांच्या वह्या सांगत होत्या की चढ्या आकड्याचे लोक लवकर जातात.

वैद्यकाची गाडी मात्र एका शब्दापाशी अडली. १९११ मध्ये एबरहार्ड फ्रांक या जर्मन डॉक्टरने, मूत्रपिंड वगैरेचं उघड कारण सापडत नसलेल्या वाढीव दाबाला 'इसेन्शियल' म्हटलं. त्याला म्हणायचं होतं की हे दुखणं मूळचं, दुसऱ्या कशातून आलेलं नाही. पण हा शब्द अनेकांनी 'आवश्यक' या अर्थानेच घेतला. वयाबरोबर वाहिन्या अरुंद होतात, त्यातून रक्त पुढे रेटायला दाब चढवणं शरीराला भागच आहे, मग आपण तो उतरवून मेंदूचं आणि मूत्रपिंडाचं रक्त का तोडायचं? १९३१ मध्ये बॉस्टनच्या पॉल डडली व्हाइट यांनी लिहिलं की ही शरीराने केलेली भरपाई असेल, तिला हात लावू नये. त्याच वर्षी लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन हे (Hay) यांनी म्हटलं की वाढलेल्या रक्तदाबाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे तो सापडणं, कारण मग कोणीतरी मूर्ख तो उतरवायला निघतो. 'वय अधिक शंभर', म्हणजे वयात शंभर मिळवले की येईल तेवढा वरचा आकडा ठीकच, हे सूत्र याच समजुतीच्या घरातलं. आपल्याकडच्या आजोबांच्या तोंडी ते अजून ऐकू येतं. आता त्यात मराठीची आपली भर अशी की 'हायपरटेन्शन' म्हटलं की 'टेन्शन फार घेतो' असाच अर्थ लावला जातो. इंग्रजी शब्दातला ताण मनाचा नाही, वाहिनीच्या भिंतीवरचा आहे.

या समजुतीची किंमत कशी दिसते ते एका माणसाच्या आकड्यांवरून कळतं. १९३७ मध्ये १६२/९८. १९४१ मध्ये १८८/१०५. मार्च १९४४ मध्ये १८६/१०८, हृदय मोठं झालेलं, फुफ्फुसात पाणी. हा पेशंट म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि प्रकृती ठणठणीत असल्याचं ते लोकांना सांगत राहिले. १९४४ मध्ये तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी तपासलं तेव्हा त्यांच्या हातात होतं काय, तर डिजिटॅलिस हे हृदयाचं जुनं औषध, कमी मीठ आणि विश्रांती. महायुद्ध चालू असताना विश्रांती! १२ एप्रिल १९४५ ला वॉर्म स्प्रिंग्जमध्ये चित्रकारासमोर बसलेले असताना रूझवेल्टनी डोक्याच्या मागे भयंकर दुखत असल्याचं सांगितलं आणि ते कोसळले. त्या वेळचा दाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३.

डाव्या कप्प्याने वर्षानुवर्षं जादा दाबाविरुद्ध रक्त ढकललं की व्यायामाने दंड फुगावा तशी त्याची भिंत जाड होते, पुढे कडक होते आणि शेवटी थकते. पाय सुजणं, झोपल्यावर दम लागणं ही हृदय थकल्याची लक्षणं. त्याच दाबाने वाहिन्यांचं आतलं अस्तर खरवडलं जातं, तिथे चरबीचे थर साचतात, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत असा थर फुटून गुठळी झाली की हार्ट अटॅक येतो. मेंदूत हेच झालं किंवा बारीक वाहिनी फुटली तर पक्षाघात, ज्याला आपण अर्धांगवायू म्हणत आलो. मूत्रपिंडाच्या गाळण्या बाद होतात, डोळ्याचा पडदाही यातून वाचत नाही. आणि हे सगळं होत असताना बहुतेकांचं डोकंही दुखत नाही.

हे सगळं एका धाग्यात ओवलं गेलं ते फ्रेमिंगहॅममध्ये. १९४८ मध्ये बॉस्टनजवळच्या या गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी होत राहिली. दाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि पुढे येणारा हृदयरोग यांचा संबंध तिथे आकड्यांत दिसला. आज आपण सर्रास वापरतो तो 'रिस्क फॅक्टर' हा शब्दही त्या गटाच्या १९६१ च्या लेखातून रुळला.

पण नुसता धोका कळून काय उपयोग? औषध हवं. त्या काळी सोसवेल असं काही नव्हतं. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर पेशंटना जवळजवळ फक्त भात, फळं आणि साखर यांवर ठेवायचे, तर काही सर्जन पाठीतल्या मज्जातंतूंच्या साखळ्याच कापून काढायचे. नेमक्या याच पोकळीत परळच्या केईएम रुग्णालयातलं एक काम येऊन बसतं.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वेडावर आणि झोप येण्यासाठी दिलं जाई. ते रक्तदाबही उतरवतं हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं होतं आणि त्याच सुमारास दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकी त्यातली रसायनं वेगळी करत होते. पण ते वाचलं किती जणांनी? लंडनहून शिकून मुंबईला परतलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएममध्ये ५० पेशंटवर मूळ वापरून पाहिलं आणि १९४९ मध्ये त्याचा तपशील ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. ही एक गोष्ट निर्णायक ठरली. शोध त्यांचा एकट्याचा नव्हता आणि तसं म्हणणं सेन-बोस यांच्यावर अन्याय होईल. पण आधी दाब किती, नंतर किती, त्रास काय झाला, हे जगाला वाचता येईल अशा भाषेत आणि अशा जागी त्यांनी मांडलं. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि 'सर्पासिल' नावाने ते बाजारात आलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिनने नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काहींना नैराश्य गाठायचं. त्यामुळे पुढे नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. पण जाण्याआधी त्याने सगळ्यांत मोठं काम केलं होतं. १९६७ मध्ये एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला प्रयोग प्रसिद्ध केला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. अर्ध्यांना खरी औषधं, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. सरासरी दीड वर्षाच्या आसपास निकाल इतका उघड झाला की थांबावं लागलं. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर दुखणं झालं, खऱ्या गोळ्यांच्या गटात दोघांना. खऱ्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध होतं, वाहिन्या सैल करणारं हायड्रॅलझिन होतं आणि रिसर्पिन होतं. जॉन हे यांच्या त्या 'मूर्खा'ला इथे उत्तर मिळालं, आणि त्यात सर्पगंधेचा वाटा होता.

तरीही बराच काळ लक्ष खालच्या आकड्यावरच राहिलं. म्हातारपणी एकट्या वरच्या आकड्याचं चढणं वयाचाच भाग मानलं जाई. साठीपुढच्या ४,७३६ लोकांवरच्या प्रयोगाने १९९१ मध्ये दाखवलं की तो उतरवला तर पक्षाघाताचं प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटतं. 'वय अधिक शंभर' तेव्हा पुस्तकातून गेलं. घरातून जायचंय अजून.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक दोन-तीन गोळ्या, त्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मोफत, आणि प्रत्येक पेशंटची नोंद, असं त्याचं साधं स्वरूप. तिथे आता पाऱ्याचं उपकरण क्वचितच दिसतं. पारा विषारी म्हणून जगभर तो हटवला जातोय. बॅटरीवरचं यंत्र कोरोत्कोव्हचे आवाज ऐकत नाही. प्रत्येक ठोक्याला पट्ट्यातली हवा किती थरथरते ते पकडून ते आकडे काढतं. हेल्सच्या काचेच्या नळीत रक्त खालीवर हलत होतं, जवळजवळ तेच. फक्त ठोके अनियमित पडत असतील तर ही थरथर यंत्राला नीट लागत नाही, आकडे दर वेळी वेगळे येतात. मग डॉक्टर यंत्र बाजूला सारतात आणि गळ्यातला स्टेथोस्कोप कोपराच्या खोबणीत ठेवतात.