पास्ता कुठे तोडायचा?

इटालियन लिहिल्याप्रमाणे वाचता येते, असं म्हणतात. ध्वनींपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण आघात कुठे द्यायचा ते लिपी सहसा सांगत नाही. 'मिलानो'त जोर 'ला'वर, 'नापोली'त 'ना'वर आणि 'फोर्ली'त शेवटच्या 'ली'वर. यांतल्या फक्त फोर्लीवर आघाताची खूण छापतात, कारण अनेक अक्षरी शब्दांत ती शेवटच्या आघातासाठीच सक्तीची आहे. त्यामुळे 'प्रिंचिपी' म्हणजे राजपुत्र ('प्रिं'वर जोर) की तत्त्वं (मधल्या 'चि'वर), हे वाक्यावरूनच ताडावं लागतं.

बहुतेक शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. मग बाकीचे असे विस्कळीत का? मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे नियम पक्का होता: तीन किंवा जास्त अक्षरांच्या शब्दात शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. पुढे लॅटिनचा ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेद मोडला, आघात मात्र जागचा हलला नाही. कारण गेलं, परिणाम उरला. 'किवितातेम'मधला जोर 'ता'वर होता. झिजत झिजत शब्दाचा 'चित्ता' (शहर) झाला, शेपूट गळालं आणि आघात आपोआप टोकाला आला.

खरी गंमत अक्षर तोडण्यात आहे. 'फातो' (नशीब) तुटतो फा-तो असा. आघाताचं अक्षर स्वरावर संपतं, म्हणून तो स्वर लांबतो. 'फात्तो' (केलेलं) तुटतो फात्-तो असा. व्यंजनाने अक्षर बंद होतं आणि स्वर आखूड राहतो. आता पास्ता. शाळेतला नियम सांगतो, ओळीच्या शेवटी पा-स्ता असंच तोडा. पण मग 'पा' लांबायला हवा, आणि इटालियन माणूस तो आखूडच म्हणतो. म्हणजे उच्चारात तुटतं ते पास्-ता. आपणही 'स्ता' जोडून लिहितो, पण वृत्तात मात्रा मोजताना जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरतो. 'भक्त'मधला 'भ' गुरू होतो तो 'क्'ने बंद झाल्यामुळेच. छंदशास्त्राने लेखणीपेक्षा कानाचं जास्त ऐकलं, असं मला वाटतं.

शेवटून दुसरं अक्षर असं बंद असेल तर इटालियन आघात जवळजवळ नेहमी तिथेच पडतो. अपवाद थोडे, पण ठसठशीत: दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतातली तारांतो आणि ओत्रांतो ही शहरं. नावं ग्रीकमधून आलेली, आणि आघात पहिल्याच अक्षरावर.