हानिरहित संपीडन (अंकीय दस्तऐवजांचे)

अंकीय दस्तऐवजाचे आकारमान असे घटविणे, की उलट प्रक्रिया केल्यावर मूळ फाइल बिट-न्-बिट परत मिळते. झिप, पीएनजी (प्रतिमांची एक फाइलपद्धत) आणि पीडीएफमधील फ्लेट (म्हणजे पुढे वर्णिलेली डिफ्लेट पद्धत) ही याची परिचित उदाहरणे. छायाचित्रांची जेपेग पद्धत (१९९२) सामान्यतः यात धरत नाहीत. डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील ती कायमचा काढून टाकते. ‘गुणवत्ता न घटविता’ हा शब्दप्रयोग व्यवहारात दोन्हींसाठी होतो. येथे काटेकोर अर्थच घेतला आहे.

संपीडनाची सैद्धांतिक मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये एंट्रॉपीच्या (माहितीतील अनिश्चिततेच्या मापाच्या) संकल्पनेतून मांडली. प्रत्येक फाइल लहान करणारी पद्धत असूच शकत नाही, हे मात्र साध्या मोजणीनेही दिसते : दहा बिटांच्या १,०२४ फायली संभवतात, तर त्याहून कमी लांबीच्या, रिकामी फाइल धरूनही, १,०२३च. त्यामुळे आधीच संपीडित झालेली फाइल पुन्हा झिप केल्याने फारसे काही साधत नाही. वर्डची डॉक्स (.docx) फाइल मुळात झिपच असल्याने तिलाही हेच लागू पडते.

वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत देण्याची पद्धत अनेक पाठ्यपुस्तकांत ‘शॅनन-फॅनो’ या जोडनावाने येते. वस्तुतः शॅनन (१९४८) आणि रॉबर्ट फॅनो (१९४९) यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत व त्या स्वतंत्र मानणेच योग्य. फॅनो यांचे एमआयटीतील विद्यार्थी डेव्हिड हफमन यांनी १९५१ च्या सुमारास सत्रनिबंधासाठी याच प्रश्नाचे इष्टतम उत्तर शोधले. ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुनरावृत्त मजकुराऐवजी ‘मागे अमुक अंतरावर पाहा’ असा निर्देश ठेवण्याची कल्पना इस्राएलमधील हैफा येथील टेक्नियन या तंत्रविद्यापीठातील अब्राहम लेंपेल व जेकब झिव यांची (१९७७, शब्दकोशावर आधारलेले दुसरे रूप १९७८). १९७८ च्या रूपात टेरी वेल्श यांनी केलेली सुधारणा १९८४ मध्ये एलझेडडब्ल्यू (लेंपेल-झिव-वेल्श) या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे जनकत्व वादग्रस्त आहे. वेल्श यांच्या वतीने स्पेरी कंपनीने २० जून १९८३ रोजी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. आयबीएमच्या व्हिक्टर मिलर व मार्क वेगमन यांचा जवळजवळ त्याच पद्धतीचा अर्ज त्यापूर्वी, १ जून १९८३ रोजी, दाखल झाला होता. पेटंट दोघांनाही मिळाले : वेल्श यांना १९८५ मध्ये, आयबीएमला १९८९ मध्ये. एकाच कल्पनेवर दोन पेटंटे देणे ही पेटंट कार्यालयाची नजरचूक होती, असे मत अनेकदा मांडले गेले आहे. दोन्ही अर्जांतील साम्य पाहता ते ग्राह्य वाटते. अर्जाच्या तारखेने मान आयबीएमकडे जातो, परंतु पद्धत सर्वांच्या हाती दिली ती वेल्श यांच्या लेखाने. नावही त्यांचेच टिकले. स्पेरी पुढे युनिसिसमध्ये विलीन झाली. १९९४ च्या अखेरीस युनिसिसने, एलझेडडब्ल्यू वापरणाऱ्या जीआयएफ प्रतिमा हाताळणाऱ्या आज्ञावलींकडून परवानाशुल्क मागण्यास सुरुवात केली, आणि त्याला उत्तर म्हणून पीएनजी (१९९६) घडले. वेल्श यांचे पेटंट अमेरिकेत २००३ मध्ये व अन्यत्र २००४ मध्ये संपले. तरीही २००५ च्या पीडीएफ/ए या अभिलेखीय मानकाने एलझेडडब्ल्यू वर्ज्यच ठेवले.

पीएनजी आणि झिप यांचा आधार असलेली डिफ्लेट पद्धत फिल कॅट्झ यांची. ती १९७७ ची निर्देशपद्धत आणि हफमन संकेत यांचा मिलाफ आहे. ती फक्त मागील ३२,७६८ बाइटांत शोध घेते व ३ ते २५८ बाइटांची जुळणी स्वीकारते. पीडीएफमध्ये (आवृत्ती १.२ पासून) प्रत्येक प्रवाह (स्ट्रीम : पानाचा मजकूर, प्रतिमा, फॉन्ट इत्यादींचा एकेक विदासंच) स्वतंत्रपणे डिफ्लेट होतो. त्यामुळे अनेक फायली जोडून केलेल्या दस्तऐवजात तोच फॉन्ट वा तेच बोधचिन्ह वीस वेळा आले, तर वीसही प्रती राहतात. अशा प्रती एकत्र करणे, संपादनानंतर मागे उरलेल्या जुन्या वस्तू (ऑब्जेक्ट, म्हणजे फाइलचे घटक) काढणे आणि अनेक लहान वस्तू एकत्र संपीडित करणारे आवृत्ती १.५ मधील वस्तुप्रवाह वापरणे यांतून बरीच बचत होते. फॉन्टमधील न वापरलेली अक्षररूपे गाळणे हानिरहित म्हणावे का, याविषयी एकवाक्यता नाही. पानाचे दर्शन बदलत नाही, पण पुढील संपादन अडते; काटेकोर व्याख्येत ते बसत नाही.

कृष्णधवल स्कॅनसाठी फॅक्सच्या काळातील ग्रुप ४ (१९८४) ही पद्धत पूर्णतः हानिरहित आहे. जेबीआयजी२ (२०००) अधिक लहान फाइल देते. मात्र तिच्या एका प्रकारात सारखी दिसणारी अक्षरे एकाच नमुन्याने बदलली जातात. २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले, की ही पद्धत वापरणाऱ्या झेरॉक्सच्या काही यंत्रांनी स्कॅन केलेल्या बांधकाम नकाशात तीन खोल्यांची १४.१३, २१.११ व १७.४२ ही क्षेत्रफळे तिन्ही ठिकाणी १४.१३ अशी उमटली होती. प्रत अस्पष्ट झाली असती तर संशय तरी आला असता.

देवनागरी मजकुराला यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रचलित संकेतनात प्रत्येक चिन्हामागे तीन बाइट लागतात : ‘मराठी’ या शब्दाला १५, तर भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की या मानकात ५. परंतु या तिनांतील पहिला बाइट देवनागरी विभागात सदैव एकच आणि दुसरा दोनपैकी एक असतो. त्यामुळे ही वाढ डिफ्लेटमध्ये बरीचशी भरून निघते. प्रत्येक चिन्हाचा खर्च एका बाइटाजवळ आणणारी एससीएसयू ही युनिकोडची स्वतंत्र संपीडनयोजनाही आहे. एचटीएमएल ५ च्या विनिर्देशाने मात्र ब्राउझरांना तिचा आधार देण्यास मनाई केली आहे.