सुमित्रा भावे यांच्या सिनेमातली आई

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) सिनेमाकडे वळल्या त्या चाळिशी ओलांडल्यावर, आणि तेही सिनेमाचं रीतसर शिक्षण न घेता. त्या समाजकार्यातल्या. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या. वस्तीतल्या बायकांशी बोलून संशोधन करताना त्यांना एक अडचण खुपली: या बायकांचं जगणं अहवालात मांडलं, तर जिचं ते आहे तिला वाचता कुठे येतं? त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट आला, मग ‘पाणी’. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर जोडीला आले आणि बहुतेक चित्रपट दोघांनी मिळून केले. त्यामुळे ‘बाईचा सिनेमा’ असा शिक्का इथे मारायचा तर जरा जपूनच.

‘दोघी’ (१९९५) मात्र बायकांचाच. लग्नाला येतानाच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरा मुलगा जातो आणि गौरी पांढऱ्या पायाची ठरते. मामा तिला मुंबईला नेतो आणि ती देहविक्रयात लोटली जाते. तिच्या पैशांवर घर सावरतं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला ती परतते, तेव्हा पैसे चालतात, ती चालत नाही. तिला दूर ठेवणारी तिची आईच आहे, आणि तरी उत्तरा बावकरांची ती आई खलनायिका वाटत नाही. मला हा चित्रपट अजून बोचतो तो याच कारणाने.

‘नितळ’मध्ये (२००६) अंगावर कोड असलेली डॉक्टर मुलगी आणि तिला सून म्हणून जोखणारं घर आहे. पुढच्या चित्रपटांत ‘आई कशी आहे’ हा प्रश्नच बदलत जातो: आईपण कुणाचं? ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री हत्तीच्या मागे भरकटतात. माहुताच्या बायकोची आणि त्यांची भाषासुद्धा एक नाही, तरी ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मधली जानकी एका परक्या, खचलेल्या मुलाला घरी ठेवून घेते.

शेवटच्या ‘दिठी’त तर आईपण पुरुषाकडे येतं. कथा दि. बा. मोकाशींची. मुलगा बुडून गेलेला, सुनेला मुलगी झालेली. लोहार रामजी त्या तान्ह्या नातीवर डूख धरून बसलेला. अशात कुणाची तरी गाय अडते, आणि वासराला मोकळं करायला हात लागतात ते रामजीचेच.