नॉर्थम्बरलँडची ‘एकांतातली’ कॉटेजं : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सुट्टीसाठी घर शोधायला बसलं की जाहिरातींत दोन शब्द हटकून भेटतात. एक ‘फिशरमन्स कॉटेज’ आणि दुसरा ‘एकांत’. लीड्स, न्यूकॅसल, एडिंबरा भागातली मराठी कुटुंबंही आता चार-पाच दिवसांसाठी बॅम्बरा, सीहाउसेस, बीडनेल, क्रास्टर या गावांतली अशी घरं घेतात. मुलांना किल्ले दाखवायचे, बोटीने फार्न बेटांवर पफिन पक्षी पाहायला जायचं, संध्याकाळी घरीच खिचडी टाकायची. ७९३ सालचा लिंडिस्फार्नवरचा व्हायकिंग हल्ला आणि मठांचा इतिहास प्रवासवर्णनांतून भरपूर येऊन गेला आहे, तो इथे पुन्हा सांगत बसत नाही. प्रश्न घरांचा आहे. जी घरं आज एकांतासाठी भाड्याने मिळतात, ती बांधली तेव्हा तिथे एकांत औषधालाही नव्हता.

मच्छीमाराचं कॉटेज म्हणजे एक-दोन खोल्या आणि त्यात अख्खं कुटुंब. बाहेर जाळी, दोर, पिंपं. पुरुष कोबल नावाच्या होडीतून समुद्रावर जात. ती पुढून उंच आणि मागून सपाट असते, त्यामुळे धक्का नसला तरी थेट वाळूवर ओढता येते. बायका आणि मुलं घराच्या दारात बसून लांब दोरांच्या शेकडो गळांना शिंपल्यांतलं मांस आमिष म्हणून लावत. हेरिंग माशांच्या हंगामात ते चिरून, मीठ लावून पिंपांत भरायला बायकांच्या टोळ्या गावोगाव फिरत. धुरावलेल्या हेरिंगला किपर म्हणतात आणि क्रास्टरमध्ये ते अजूनही बनतं. त्या धुराच्या आणि मासळीच्या वासात राहणाऱ्याला ‘निवांत समुद्रकाठ’ हे शब्द सांगितले असते तर तो हसला असता. लो न्यूटनचा पांढऱ्या घरांचा चौक तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने समुद्राकडे उघडा आहे. फोटोत तो फार देखणा दिसतो, पण ती मांडणी कामाची होती.

पाहुणे आले ते तीन वेगवेगळ्या कारणांनी. ॲल्नमथ हे धान्याच्या व्यापाराचं बंदर होतं. १८०६ च्या नाताळात मोठं वादळ झालं, ॲल्न नदीने आपलं मुख बदललं, बंदर हळूहळू गाळाने भरत गेलं आणि धान्याची कोठारं रिकामी पडली. त्यातल्या बऱ्याच कोठारांची पुढे घरं झाली. तिथल्या ‘जुन्या कोठारात’ राहून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की त्यांचं शयनगृह एका नदीच्या लहरीमुळे मोकळं झालं. दुसरं कारण १८३८ चं. ७ सप्टेंबरच्या पहाटे फार्न बेटांजवळ एक आगबोट खडकावर फुटली. दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर कोबल वल्हवत निघाली आणि ९ जण वाचले. वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली. लोक बोटी करून दीपगृह पाहायला येऊ लागले, तिच्या केसांची बट मागू लागले. चार वर्षांत ती क्षयाने गेली, पण किनाऱ्याची ओळख तयार झाली होती. तिसरं कारण अर्थातच रेल्वे. १८४७ च्या सुमारास न्यूकॅसल-बेरिक मार्ग झाला आणि १८९८ मध्ये चॅटहिलहून सीहाउसेसला छोटा फाटा निघाला. तो फाटा १९५१ मध्ये बंदही पडला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एम्बल्टनच्या उपसागराकाठी, वाळूच्या टेकड्यांवर, लाकडी ‘बंगले’ उभे राहिले. ‘बंगला’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गेट, बाग आणि दोन गाड्या येतात. इंग्लंडमध्ये हाच शब्द, आपल्याकडूनच तिकडे गेलेला, साध्या एकमजली घरासाठी वापरतात, आणि इथे तर तो झोपडीवजा लाकडी खोल्यांना लागला. शहरातल्या साध्या माणसाला परवडेल अशी समुद्राकाठची जागा म्हणजे हेच. १९४७ च्या नगररचना कायद्याने अशा बांधकामांना चाप बसला आणि १९५८ मध्ये या किनाऱ्याला ‘विशेष निसर्गसौंदर्याचं क्षेत्र’ असा दर्जा मिळाला. परिणाम दुहेरी झाला. किनारा वाचला, आणि नवीन घरं बांधणं अवघड झाल्यामुळे असलेल्या घरांची किंमत वाढायला कायमचं कारण मिळालं.

दरम्यान हेरिंग गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि रशियाच्या बाजारपेठा ढासळल्या, पुढे मासेच घटले, आणि १९७७ मध्ये उत्तर समुद्रात हेरिंगच्या मासेमारीवर काही वर्षं बंदीच घालावी लागली. तरुण मुलं न्यूकॅसलला किंवा त्याहून दूर गेली. रिकामी झालेली कॉटेजं त्या काळी स्वस्तात विकली जात. शहरातल्यांनी ती घेतली, छपरं दुरुस्त केली, न्हाणीघरं बांधली. ते आले नसते तर त्यातली काही पडली असती, हे आज विरोध करणारेही नाकारत नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट मासे आणि वादळांची. पुढची करांची आहे, आणि माझ्या मते आजची गावं मुख्यतः तिने घडवली.

१९८४ च्या वित्त कायद्याने सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या सुसज्ज घराला साध्या भाड्याच्या घरापासून वेगळं काढलं आणि बऱ्याच बाबतींत धंद्यासारखं वागवलं. अट एवढीच की घर वर्षात १४० दिवस उपलब्ध हवं आणि ७० दिवस खरोखर भाड्याने गेलेलं हवं. बदल्यात फर्निचरच्या खर्चावर सवलत, विकताना नफ्यावर कमी कर. २००९ मध्ये ही सवलत काढणार असं जाहीर झालं होतं, पण २०१० च्या निवडणुकीआधीच्या घाईत ते बारगळलं. २०१२ पासून अटी २१० आणि १०५ दिवसांवर नेल्या, इतकंच. खरी मेख २०१७ ची. त्या वर्षापासून नेहमीच्या भाडेकरूला घर देणाऱ्या मालकांना गृहकर्जाचं व्याज उत्पन्नातून पूर्ण वजा करण्याची मुभा टप्प्याटप्प्याने बंद झाली. सुट्टीच्या घरांना मात्र ती राहिली. म्हणजे बीडनेलमधल्या एका घरात शाळेतल्या शिक्षिकेला ठेवलं तर जास्त कर, आणि तेच घर आठवड्याच्या भावाने पाहुण्यांना दिलं तर कमी. मालक दुष्ट असायची गरजच नव्हती, बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

त्यात स्थानिक कराची भर. सुट्टीचं घर धंदा म्हणून नोंदवलं की ते कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे राहत्या घरांवरच्या स्थानिक करातून, बाहेर पडून धंद्याच्या कराखाली येतं. तिथे छोट्या व्यावसायिकांसाठी सूट आहे. मालकाची तशी एकच जागा असेल आणि तिचं करपात्र मूल्य १२,००० पौंडांपर्यंत असेल तर कर शून्य. एप्रिल २०२३ पर्यंत तर घर खरोखर भाड्याने गेल्याचा पुरावाही लागत नव्हता. १४० दिवस द्यायचा इरादा आहे एवढं सांगणं पुरत होतं.

आता वादाच्या मुद्द्याकडे. किनाऱ्यावरच्या तीन पॅरिशनी (गावपातळीवरच्या स्थानिक विभागांनी), म्हणजे बॅम्बरा, बीडनेल आणि सीहाउसेस ज्यात येतं ती, मिळून बांधकामाचे नियम ठरवणारा एक परिसर आराखडा केला आणि मे २०१८ मध्ये त्यावर मतदान होऊन तो मंजूर झाला. त्यातली एक अट अशी की यापुढे बांधलेलं नवीन घर हे कोणाचं तरी ‘मुख्य निवासस्थान’ असलं पाहिजे. कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ज गावाने २०१६ मध्ये ८३ टक्के मतांनी हेच केलं होतं आणि ते न्यायालयातही टिकलं होतं. नॉर्थम्बरलँडच्या संपूर्ण काउंटीच्या आराखड्यात २०२२ मध्ये ही अट आणखी पसरली. ज्या पॅरिशमध्ये २० टक्के किंवा जास्त घरांत ‘नेहमीचा रहिवासी’ नाही, तिथे ती लागू. त्याच वर्षी दक्षिणेला यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबीतही मतदान झालं. २,२२८ लोक अटीच्या बाजूने आणि १५७ विरोधात.

भानगड त्या ‘नेहमीचा रहिवासी नाही’ या शब्दांत आहे. बातम्यांत त्याचं भाषांतर बिनदिक्कत ‘सेकंड होम’ असं होतं, ते बरोबर नाही. जनगणनेच्या दिवशी ज्या घरात कायमचं कोणी राहत नाही ते या गणतीत येतं. मग ते मुंबईकराच्या कोकणातल्या घरासारखं वर्षातून दोनदा उघडणारं असो, आठवड्याच्या भाड्याने जाणारं असो, किंवा म्हातारी गेली आणि भावंडांचं वाटपावरून जमत नाही म्हणून कुलूप लागलेलं असो. याउलट ‘दुसऱ्या पत्त्या’चा प्रश्न जनगणनेत २०११ पासून आला आणि त्याची व्याख्या वर्षात ३० दिवसांहून जास्त मुक्काम अशी आहे. वर्षाला तीन आठवडे येणारा मालक त्यात मोजलाच जात नाही. कौन्सिल टॅक्सच्या यादीतला ‘सेकंड होम’ आणखी तिसराच, कारण धंदा म्हणून नोंदलेली घरं त्या यादीतून आधीच गळालेली असतात. म्हणजे एकाच गल्लीचे तीन आकडे निघतात आणि सभेत प्रत्येक जण आपल्या सोयीचा घेऊन उभा राहतो.

त्यावर २०२१ ची जनगणना झाली २१ मार्चला, ‘घरीच राहा’ हा आदेश अजून उठलेला नसताना. काही शहरी मालक तेव्हा किनाऱ्यावरच्या घरात मुक्काम ठोकून होते. अशांनी तिथलाच पत्ता लिहिला असेल तर ज्या घरांमुळे अट आली, त्यातली काही कागदोपत्री ‘वसलेली’ ठरली. २० टक्क्यांच्या आसपास असलेल्या पॅरिशना याने फरक पडू शकतो. बीडनेलला नाही, तिथे २०११ मध्येच निम्म्याहून जास्त घरं रहिवाशाविना होती.

अटीचे टीकाकार म्हणतात की तिने बिल्डर नवीन घरं बांधेनासे होतील आणि बाहेरच्यांची मागणी जुन्या घरांकडे वळेल. सेंट आइव्जबद्दल अभ्यासकांनी पुढे साधारण असंच मांडलं. यात तथ्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. चूक अटीत नाही, ती फक्त नव्या घरांपुरती थांबते यात आहे. आणि ती थांबते कारण इंग्लंडच्या नगररचनेत कायम राहण्याचं घर आणि सुट्टीच्या भाड्याचं घर सहसा एकाच वर्गात मोडतात. एकाचं दुसरं करायला परवानगी लागत नाही, आणि जी गोष्ट परवानगीशिवाय होते तिच्यावर कौन्सिल अट घालणार कशी? गावात सफाईची कामं करणारे, प्लंबर, पबवाले यांची पोटं पाहुण्यांवर आहेत हे खरंच. फक्त ते स्वतः दहा-पंधरा मैल आत राहतात आणि गाडीने येतात.

४ जुलै २०२० ला सुट्टीच्या मुक्कामांवरचे कोविडचे निर्बंध उठले, परदेश प्रवास अवघड, घरखरेदीवरच्या करात सूट, आणि किनाऱ्यावर झुंबड उडाली. नंतरचे निर्णय एकामागोमाग आले. एप्रिल २०२३ पासून धंद्याच्या करात जायचं तर ७० दिवस खरोखर भाड्याने गेल्याचा पुरावा. १ एप्रिल २०२५ पासून कौन्सिलांना सेकंड होमवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावण्याची मुभा. त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, १९८४ ची ती सवलत संपली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांसाठी नगररचनेत वेगळा वर्ग करण्याचंही जाहीर झालं होतं, पण जुलैत सत्ताबदल झाला तेव्हा तो कागदावरच होता.

त्यामुळे एकाच गल्लीत आज समोरासमोर दोन दारं असू शकतात. नव्या घरातल्या माणसाला मतदार यादीत नाव, डॉक्टरकडची नोंद, मुलांची शाळा असं दाखवून आपण इथेच राहतो हे सिद्ध करावं लागतं. समोरच्या दीडशे वर्षांच्या मच्छीमाराच्या कॉटेजला असं काही विचारत नाहीत. तिथे दाराशेजारी किल्लीची छोटी पेटी असते आणि शुक्रवारी दुपारी नवा पाहुणा फोनमध्ये बघून तिचा नंबर जुळवतो.